गोड्या पाण्याचा हिस्सा घ्यायचा, पण किती गुंठ्याचा?

पत्र असं आहे (लांब होतं, थोडं कापलंय):

"दादा, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. सव्वादोन एकर रान, त्यात ३० गुंठे द्राक्षबाग, राहिलेल्यात शाळू-हरभरा. बोअर आहे पण उन्हाळ्यात दोन तास चाललं की दम टाकतं आणि पाणी मचूळ झालंय, दुकानदारानं पेनसारखं मीटर बुडवून टीडीएस १४०० सांगितला. पानांच्या कडा करपतात. पूर्वी ७ टन माल निघायचा, गेल्या साली साडेचारच निघाला. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात टँकर घातले, १० हजार लिटरचा १८०० रुपयाला.

आता गावातली बावीस जणं मिळून नदीवरनं ९ किलोमीटर पाईपलाईन आणतायत. एकरी १ लाख ८० हजार हिस्सा आणि वर्षाला एकरी १८ हजार पाणीपट्टी. आठवड्यातनं दोन पाळ्या देऊ म्हणतात. आमचं रान लाईनच्या शेवटाला. महिन्याच्या आत २५ हजार टोकन मागतायत. आमचे हे म्हणतात, सरकारी योजनेचं पाणी येतंय की, पाण्याला कोण एवढे पैसे देतं. सासरे म्हणतात त्यापेक्षा ७०० फूट नवं बोअर मारू. पैसे पतसंस्थेतनं काढावे लागतील, १२ टक्क्यानं. घरचा हिशोब मी बघते. काय करावं?"

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागनं. हिस्सा घ्या, पण ३० गुंठ्याचा नको, निम्मा घ्या, १५ गुंठ्यापुरता. तोही पाण्याचा नीट रिपोर्ट हातात आल्यावर आणि ग्रुपनं चार गोष्टी कागदावर दिल्यावर. आणि नवं बोअर नको म्हणजे नकोच. आता हे का ते बघू, जरा आकडे येतील पण तुम्ही हिशोबवाल्या आहात, तुम्हाला जमेल.

पहिलं दाजींचं बघू, कारण घरात अडलंय ते तिथंच. पाण्याला कोण पैसे देतं म्हणतात, अहो तुम्ही दिलेत की, टँकरला. १० हजार लिटरला १८०० म्हणजे हजार लिटरला १८० रुपये. आता ग्रुपचं काढू. ३० गुंठ्याच्या ठिबकवरच्या बागेला खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीनंतर, एप्रिल-मे मधे दिवसाला १२ ते १५ हजार लिटर लागतं, म्हणजे आठवड्याला लाखभर. पावसाचे आणि कमी पाण्याचे आठवडे सोडून वर्षात ३५ आठवडे धरले, सगळे आठवडे मे सारखे नसतात पण हिशोब सोपा राहावा म्हणून लाखच धरू, तर ३५ लाख लिटर. तुमच्या वाट्याची पाणीपट्टी १३,५००, म्हणजे हजार लिटरला चार रुपयांच्या आतच. हे वाचून दाजी म्हणतील मग काय, घेऊन टाकू! थांबा. महाग पाणीपट्टी नाहीये, महाग आहे तो हिस्सा. ३० गुंठ्याला १ लाख ३५ हजार, त्याचं पतसंस्थेचं व्याज पहिल्या वर्षी १६,२००, आणि मुद्दल दहा वर्षांत फिटतंय असं धरलं तर वर्षाला १३,५०० ते. तिन्ही मिळून ४३,२००. हजार लिटरला साडेबारा रुपयांच्या आसपास. टँकरपेक्षा कितीतरी स्वस्त हे खरं, पण टँकर तुम्ही एका उन्हाळ्यात घातलेत आणि हे पहिल्या वर्षी ४३ हजार, पुढं व्याज उतरेल तसे थोडे कमी, पण दरवर्षी जाणार आहेत, माल निघो न निघो.

मग ते परत येणार कुठनं, तर द्राक्षातनंच. किलोला ३० रुपये धरा, बेदाणा करत असाल तर तसा भाव लावून बघा, साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. ४३,२०० भागिले ३० म्हणजे १,४४० किलो. गोड्या पाण्यानं सुरुवातीला वर्षाला जवळपास दीड टन माल जास्त निघाला तर तुमची बरोबरी, फायदा त्याच्या वर. तुमचा माल घटलाय अडीच टन. सगळी घट पाण्यानंच असेल आणि गोडं पाणी मिळाल्यावर ती सगळी भरून निघणार असेल तर ७५ हजार परत येतील आणि हिस्सा फायद्याचा. पण घटीतली निम्मीच पाण्याची असेल तर ३७,५००, म्हणजे सुरुवातीची तीन-चार वर्षं पदरचे घालणार, पहिल्या वर्षी पाच-सहा हजार. बागेचं वय किती, फुलोऱ्यात पाऊस लागला होता का, डावणी (पानावरची बुरशी) किती आली, खुंट म्हणजे कलमाखालचं मूळझाड कुठलं आहे, डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम असेल तर तो खारं पाणी बराच सहन करतो, यातलं पत्रात काहीच नाही. म्हणून म्हणतो टोकनच्या आधी रिपोर्ट.

दुकानदाराचं ते पेन वाईट नाही, पण ते पाण्यात एकूण क्षार किती एवढंच सांगतं, कुठले ते सांगत नाही. तरी त्या १४०० चा अर्थ एकदा पुरता समजून घ्या. १४०० म्हणजे लिटरमागं १.४ ग्रॅम. ३५ लाख लिटर दिलं की ४,९०० किलो क्षार त्या ३० गुंठ्यात गेले. ५० किलोच्या पोत्यानं मोजा, ९८ पोती. एका वर्षात. पाणी झाड पितं, उन्हानं उडून जातं, क्षार मागं राहतात, आणि धुवून न्यायला आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस तरी किती पडतो. पानांच्या कडा करपायला लागल्या म्हणजे हे सुरू होऊन बरीच वर्षं झालीत.

आता रिपोर्टमधे काय बघायचं. ईसी म्हणजे विद्युत वाहकता, तुमची २ च्या वर निघेल असा माझा अंदाज, टीडीएसला ६४० नं भागलं की साधारण तेच येतं. ०.७५ च्या आत चांगलं, २.२५ च्या वर गेलं की फार खारं. मग एसएआर बघा, ते सोडियमचं माप, १० च्या आत असावं. आणि आरएससी, म्हणजे पाण्यातलं जादा कार्बोनेट-बायकार्बोनेट, १.२५ च्या आत असलं तर बरं, अडीचच्या वर गेलं की जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट आणि नापीक, व्हायच्या वाटेला लागते. द्राक्षाला क्लोराईडचा फार त्रास, ते वेगळं सांगून करून घ्या नाहीतर कुठं कुठं ते करतच नाहीत. नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू द्या, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पोचवा. गोमूत्राची किंवा औषधाची रिकामी बाटली वापरू नका, हसू नका, लोक वापरतात. त्याच फेरीत बागेतल्या मातीचे दोन नमुने द्या, एक वरच्या फुटातला, एक दुसऱ्या फुटातला. काही शे रुपयांचं काम आहे आणि त्यावर सव्वा लाखाच्या वरचा निर्णय व्हायचाय. माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात होतं, क्षारपड जमिनीबद्दल विचारायचं असेल तर कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या जिल्ह्यातच आहे.

आणि हो, नदीच्या पाण्याचाही नमुना द्या. जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची नदीकाठची विहीर, जिथं घेणार तिथला. सगळे धरूनच चाललेत की नदीचं पाणी म्हणजे गोडं. पावसाळ्यानंतर असतंही. पण मे महिन्यात धार बारीक झाल्यावर, वर कुठल्या गावाचं किंवा कारखान्याचं सांडपाणी मिसळत असेल तर वेगळं चित्र असतं, कृष्णेत मेलेल्या माशांचे खच सांगलीकरांनी बघितलेत. तुम्ही मे साठी पैसे मोजताय, तेव्हा मे मधलं पाणी कसं असतं ते विचारा.

आता निम्मा हिस्सा का, तर मिसळायचं म्हणून. बोअर बंद करायचं काही कारण नाही, ते उन्हाळ्यातही दोन तास चालतंय. २०० लिटरचं बॅरल लावा आणि मोबाईलवर वेळ बघा, दोन मिनिटांत भरलं तर तासाला ६ हजार लिटर, दोन तासांत १२ हजार. म्हणजे रोजच्या गरजेतलं निम्मं, ६-७ हजार लिटर, तुमचं बोअर आरामात देतंय, वर त्याला विश्रांतीही मिळेल. नदीच्या पाण्याचा टीडीएस ३०० निघाला असं धरा, निम्मं-निम्मं केलं की ८५० होतो. वर्षाचे क्षार ४,९०० किलोवरनं तीन टनावर येतात. अगदी गोडं नाही झालं, पण बाग सोसेल असं झालं. आणि खर्च? हिस्सा ६७,५००, पाणीपट्टी ६,७५०, व्याज धरून पहिल्या वर्षाचा सगळा बोजा २१,६०० रुपये, म्हणजे ७२० किलो द्राक्ष. पाऊण टन माल वाढला की फिटलं. घटीतली निम्मीच पाण्यामुळं असली तरी यात तुम्ही बुडत नाही. रिपोर्टमधे क्लोराईड किंवा सोडियम फारच वर आला तर मिसळून भागणार नाही, मग पुढं पूर्ण हिस्सा वाढवता येईल अशी सोय आताच लिहून घ्या, आणि उलट रिपोर्ट बरा आला, नुसताच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा निघाला तर हिस्साच नको, ठिबकला ॲसिड सोडून लॅटरल, म्हणजे बागेतल्या बारीक नळ्या, साफ ठेवणं आणि बागेला सेंद्रिय खत, एवढ्यावर वर्षभर बघा.

ग्रुप म्हणेल अर्धा एकराच्या खाली हिस्सा नाही. म्हणू दे. बांधाला लागून कोण आहे? दीर, जाऊबाई, शेजारी? दोघांत मिळून एक चेंबर, म्हणजे लाईनवरचं पाणी सोडायचं तोंड, घ्या. बावीस हिस्से भरायची घाई ग्रुपला आहे म्हणूनच महिन्यात टोकन मागतायत, ती घाई त्यांची आहे, तुमची नाही.

मिसळायला टाकी मात्र हवी. पाच मीटर लांब, पाच रुंद, दोन खोल, सरळ भिंती धरल्या तर ५० हजार लिटर बसतं. नदीच्या दोन पाळ्यांतलं तुमचं पाणी आणि बोअरचं त्यात सोडायचं, तिथनं ठिबकला. पाळी रात्री आली तरी कुणाला दारं धरत बसायला नको. त्या टाकीचा खर्च वरच्या हिशोबात मी धरलेला नाही, तुमच्याकडच्या मिस्त्रीकडनं किंवा अस्तरवाल्याकडनं भाव काढा आणि तोही दहा वर्षांत वाटून त्यात घाला. ठिबक जुनं झालं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, केंद्राच्या योजनेतनं अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के अनुदान आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत जातं, पैसे मागनं येतात, लवकर येतील असं धरून चालू नका.

सरकारी पाण्याचं दाजी म्हणतात त्यात तथ्य आहे, उडवून लावू नका. टेंभू असो, ताकारी असो, म्हैसाळ असो, नदीचं पाणी पंपानं उचलून देणाऱ्या या उपसा योजनांनी तुमच्या-माझ्या भागाची ओढ्यांची आणि विहिरींची पातळी बदलली हे डोळ्यानं दिसतंय. आणि ते स्वस्त पडतं ते का, तर वीजबिलातले ८१ टक्के सरकार उचलतं, १९ टक्के शेतकऱ्याच्या पाणीपट्टीतनं. पूर्वी हे नव्हतं, तेव्हा थकबाकीपायी म्हैसाळचे पंप बंद पडलेले सगळ्यांनी पाहिलेत, उभी पिकं आणि खाली नदीत पाणी. तर ते पाणी घ्यायचंच. पण आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, महिन्या-दीड महिन्यानं येणार, कधी तारीख पुढं जाणार, आणि द्राक्षाला दोन-तीन दिवसाआड पाणी लागतं. शाळू-हरभऱ्याला आवर्तन चालतं, बागेला नाही. साठवलं तर चालतं. शेततळं केलं, २० मीटर बाय २० मीटर, ३ मीटर खोल, उतार सोडून धरलं तर १२ लाख लिटर, पण त्याला चार गुंठे जमीन जाते आणि वर बांध, अस्तर, कुंपण, शिवाय उन्हाळ्यात उडून जाणारं वेगळं. सव्वादोन एकरात चार-पाच गुंठे देणं सोपं नाही. तुमचं तुम्ही ठरवा, मी असतो तर पहिल्या दोन वर्षांत नसतं केलं.

एक मात्र करा. दाजी सरकारी पाणी येतंय म्हणतात ते ओढ्यात आपोआप येतंय का तुमच्या नावावर येतंय? नमुना ७ चा पाणी अर्ज दरवर्षी भरलाय का, पाणीपट्टीची पावती आहे का? शाळू-हरभऱ्यासाठी भरा. ओढ्यातनं फुकट उचलणाऱ्याची नोंद कुठंच होत नाही, आणि पाणी कमी पडलं की पहिल्यांदा नोंद नसलेलाच बाहेर पडतो. २००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना घनमापनानं पाणी मोजून द्यायची तरतूद केलीय, तुमच्या वितरिकेवर अशी संस्था असेल तर सभासद व्हा, नसेल तर ग्रुपच्या त्या बावीस जणांना विचारा की ९ किलोमीटर पाईप टाकायच्या आधी हा प्रयत्न केला का कुणी. केला असेल आणि दमले असतील तर ते कारणही ऐकून घ्या, त्यात बरंच कळतं.

सासरेबुवांच्या ७०० फुटांचं थोडक्यात. आपला सगळा काळा पाषाण, बेसाल्ट. त्यात पाणी भेगांत असतं, खोल गेलं म्हणजे जास्त लागतं असं नाही, आणि खोलचं पाणी दगडात जास्त काळ मुरलेलं, बऱ्याचदा जास्तच खारं. शिवाय अधिसूचित भागात ६० मीटरच्या खाली, म्हणजे २०० फुटांच्या खाली शेतीसाठी विंधन विहीर घ्यायला २००९ च्या भूजल कायद्यानं बंदी आहे, तुमचा भाग त्यात आहे का ते भूजल सर्वेक्षणाच्या सांगली ऑफिसला विचारा. मला कळतं त्यांना बोअर का बरं वाटतं. आपलं पाणी, आपली मोटर, कुणाच्या दारात जायला नको, आणि आता साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ, त्यामुळं बोअरचं पाणी फुकटच वाटतं. बिल शून्य येतं पण त्या ९८ पोत्यांचं काय? ते बिलावर छापून येत नाहीत.

आता ग्रुप. इथं नीट लक्ष द्या, कारण पैसे इथंच बुडतात.

पहिलं, वीजबिल माफीचंच पुढं घेऊ. ९ किलोमीटरला ग्रुपची मोटर साडेसात एचपीच्या कितीतरी वर असणार, म्हणजे ती माफीत नाही, बिल भरावं लागणार. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंप-मोटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, अर्ध्या युनिटच्या जवळपास वीज लागते. उंची आणि पाईपमधलं घर्षण धरून ग्रुपच्या इंजिनिअरकडनं एकूण हेड किती येतं ते घ्या, त्याला युनिटच्या दरानं गुणा. ते तुमच्या चार रुपयांत बसतंय का? पाणक्याचा पगार, मोटर जळाली तर रिवाइंडिंग, पुरात जॅकवेल बुडाली तर (२०१९ आणि २०२१ चे पूर आठवा), गळती, हे सगळं त्याच चार रुपयांतनं. बसत नसेल तर पाणीपट्टी कमी दाखवून हिस्से खपवायचं चाललंय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकरी जादा वर्गणी निघणार. एकरी १८ हजारच्या ऐवजी २२ हजार सांगणारा आणि त्यातले ४ हजार दुरुस्ती फंडात वेगळ्या खात्यावर ठेवणारा ग्रुप मला जास्त पटेल. विचित्र वाटेल, पण पैसे देणाऱ्यानंच दर वाढवा म्हणायची वेळ असते कधी कधी.

दुसरं, तुमचं रान शेवटाला. पाईपलाईनच्या शेवटच्या चेंबरला काय येतं हे सुरुवातीच्या माणसावर असतं. आठवड्यातनं दोन पाळ्या हे काही माप नाही, किती तासाची पाळी, आणि शेवटच्या चेंबरला किती लिटरनं? सेकंदाला ५ लिटर म्हणजे तासाला १८ हजार. निम्म्या हिश्श्याला तुम्हाला आठवड्याला ५० हजार लिटर हवं, म्हणजे त्या वेगानं पावणेतीन तास लागतात. हे तासांत नाही, लिटरमधे लिहून मागा आणि प्रत्येक चेंबरला मीटर मागा. मीटरचा खर्च नको म्हणतील तर तुमच्या चेंबरचा तुम्ही स्वतः द्या, पण तो ग्रुपनं मानायचा असं ठरावात लिहून. एकरी ठोक पाणीपट्टीत जो पाणी वाचवतो तो वेडा ठरतो, ठिबकवाला आणि पाट सोडणारा दोघं सारखेच पैसे भरतात. मीटर आला की हे भांडण मिटतं.

तिसरं, ऊस. बावीस जणांत ऊसवाले किती, आणि लाईनवर कुठं? सुरुवातीला दोघं-तिघं पाटपाण्यावर ऊस लावून बसले तर शेवटाला एप्रिलमधे थेंब येणार नाही, कितीही करार करा. विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावला सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा ऊस नाही हा नियम पहिल्यापासनं होता, आणि पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. आटपाडीकडं नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पाणी चळवळीनं समन्यायी वाटपाचं जे मांडलं तेही याच अंगानं जातं. तुमच्या ग्रुपला एवढं सगळं करायला सांगत नाही, ऊस लावलाच तर ठिबकवर आणि हिश्श्याच्या मापातच, एवढा एक ठराव पुरे. आणि ऊस नको म्हणताना क्षारपडीचंही सांगा, वाळवा, मिरज, पलूसच्या नदीकाठाला गोडंच पाणी होतं की, तरी जास्त पाजून रानं चोपण झाली.

चौथं, कागद. नदीतनं पाणी उचलायचा जलसंपदाचा परवाना कुणाच्या नावावर, किती पाण्याचा, आणि मिळालाय का फक्त अर्ज केलाय? वीज कनेक्शन मंजूर आहे का? ९ किलोमीटरमधे किती जणांच्या बांधाखालनं पाईप जाते, त्यांच्या संमत्या लेखी आहेत का? कुणी अडवलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडं जाता येतं, पण त्यात एक उन्हाळा सहज जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रुप बँकेचं कर्ज काढणार आहे का, काढणार असेल तर तारण काय? सांगली-कोल्हापूरकडं कितीतरी उपसा संस्था थकल्या आणि सभासदांच्या सातबाऱ्यावर बोजा बसला, योजना बंद, पाणी नाही, आणि सातबारा अडकलेला. तुमच्या सातबाऱ्यावर ग्रुपच्या कर्जापोटी काहीही चढणार असेल तर त्याच दिवशी बाहेर पडा, कितीही गोडं पाणी असलं तरी.

सातबाऱ्यावरनं आठवलं, रान सासऱ्यांच्या नावावर असणार. हिस्सा कुणाच्या नावावर घेताय? पैसे तुम्ही दोघं फेडणार, तर पावती आणि हिस्सा तुमच्या आणि दाजींच्या, दोघांच्या नावानं घ्या. उद्या वाटण्या झाल्या तर पाण्याचा हिस्सा कुणाचा हे भांडण मी पुष्कळ घरांत बघितलंय. मीटिंगलाही तुम्हीच जा, हिशोब तुम्ही बघता. बावीस पुरुषांत एकटी बाई कशी बसणार असं घरात कुणी म्हटलं तर दाजींना शेजारी बसवा, पण प्रश्न तुम्ही विचारा.

घरात सांगताना सासऱ्यांना बोअर चूक आहे म्हणून नका सांगू. त्यांनीच मारलेल्या बोअरवर बाग उभी राहिली, आणि माझ्या हिशोबात ते बोअर अजून निम्मं काम करतंय, तसंच सांगा. दाजींना दोन कागद दाखवा, टँकरचा आणि ३० रुपये किलोचा. ते ऐकतील असं वाटतं, कारण ते पैसे द्यायला तयार नाहीत असं नाही, कशाचे देतोय ते त्यांना दिसत नाहीये.

टोकनचं राहिलं. रिपोर्ट यायच्या आत महिना संपत आला आणि नाव गळेल अशी भीती वाटली तर २५ हजार नका देऊ, निम्म्या हिश्श्याचे १२,५०० द्या, चेकनं किंवा ऑनलाईन, रोख नाही. पावतीवर एक ओळ लिहून घ्या, उपसा परवाना आणि वीज मंजुरी अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत, आणि खाली ग्रुपच्या दोन जणांच्या सह्या. बाकीचा हिस्सा तीन हप्त्यांत मागा, पाईप तुमच्या बांधाला लागली की एक, शेवटच्या चेंबरला पाणी आलं की दुसरा, आणि पहिला मे महिना ठरलेल्या लिटरनं गेला की तिसरा. ही ओळ लिहून द्यायला ग्रुप कचरला तर मला परत लिहा, तेव्हा रिपोर्टचा फोटोही पाठवा, आणि खुंट कुठला आणि बाग किती वर्षांची तेवढं लिहायला विसरू नका.